डिमेन्शिया: परीक्षा न घेता गप्पा कशा मारायच्या?

ओसरी

शुभंकरांच्या, म्हणजे रुग्णाला सांभाळणाऱ्या घरच्यांच्या, गटासाठी पानभर टिपण करतेय. रोज सांभाळणाऱ्यांसाठी नाही, तर आठवड्यातून एकदा तासभर भेटायला येणारी मुलं, भावंडं, जुने स्नेही यांच्यासाठी. "प्रेमानं वागा, धीर धरा" छापाच्या सूचना सगळ्यांना पाठ आहेत आणि त्यांचा उपयोग शून्य. मला नेमकं हवंय. आत आल्यावर पहिलं वाक्य कोणतं, बसायचं कुठे, दहा मिनिटांत विषय संपले की करायचं काय.

गाडी तीन ठिकाणी अडते. एक, "ओळखलंत का मला?" इथून भेट सुरू होते आणि तिथेच बिनसते. दोन, स्वतःच्याच घरात बसून "मला घरी जायचंय", किंवा तीस वर्षांपूर्वी गेलेल्या आईची चौकशी. यावर प्रत्येक जण वेगळं उत्तर देतो. तीन, बोलणं थांबल्यावर पाहुणे त्या माणसाच्या डोक्यावरून एकमेकांशीच बोलत बसतात.

मुख्यतः अल्झायमर्सचा मधला आणि शेवटचा टप्पा धरून सांगा. करायचं काय हे तर सांगाच, पण बिघडतं कुठे आणि का, तेही लिहा. कारण कळल्याशिवाय कुणी पाळत नाही.

---

कानामात्रा

वाचा-भाषेच्या बाजूनं लिहिते.

"ओळखलंत का?" पहिल्याच ओळीत बाद करा. अल्झायमर्समध्ये बहुधा आधी मार बसतो तो हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या लगतच्या भागाला, म्हणजे ताज्या घटना नोंदवून ठेवणाऱ्या यंत्रणेला. प्रश्न विचारणं म्हणजे त्याच मोडलेल्या कपाटातून काहीतरी काढून दाखव म्हणणं. कपाट उघडत नाही, आणि उघडत नाहीये हे त्या माणसाला कळतं. मग चेहरा कसनुसा होतो, किंवा "हो हो, ओळखलं की" अशी सारवासारव होते. पुढचा तासभर तो माणूस गप्पा मारत नसतो, पकडले जाऊ नये म्हणून सांभाळत असतो.

प्रसंग पुसला गेला तरी त्याची चव राहते, हेही टिपणात घाला. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमर्सच्या १७ रुग्णांना आधी दुःखद आणि नंतर आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात त्यांना काय पाहिलं ते फारसं सांगता येईना, पण मनःस्थिती अर्धा तास उलटला तरी तशीच होती. दुःख आनंदापेक्षा जास्त टिकलं. ज्यांना कमी आठवलं त्यांचं दुःख जास्त रेंगाळलं, हे मला सगळ्यात बोलकं वाटतं. कशानं वाईट वाटतंय हेच ठाऊक नाही, मग मनाची समजूत घालणार कशी? "भेटलो काय न भेटलो काय, विसरूनच जाणार" म्हणणाऱ्यांना हे आधी वाचायला द्या.

आता पहिलं वाक्य. नाव आणि नातं आपणहून सांगायचं: "आत्या, मी सुधा. तुमची भाची." थांबायचं. पुढे प्रश्नाऐवजी समोर दिसणाऱ्या गोष्टीबद्दल एक विधान: "बाहेर पाऊस लागलाय. खिडकीवर बघा कसे ओघळ येतायत." आणि मनात दहापर्यंत मोजायचं. खरंच मोजायचं. बहुतेकांचा धीर तीन-चारला सुटतो आणि ते तेच वाक्य दुसऱ्या शब्दांत म्हणतात. ऐकणाऱ्यासाठी ते नवं वाक्य असतं. पहिल्याची अर्धी झालेली जुळवाजुळव तिथेच मोडते.

"सावकाश बोला" हा सल्ला मात्र जपून द्या. शब्द रबरासारखे ताणले तर वाक्याच्या शेवटाला येईतो सुरुवात निसटलेली असते. वेग नेहमीचा, वाक्य छोटं, आणि एका वाक्यात एकच गोष्ट. वेळ द्यायचा तो दोन वाक्यांच्या मध्ये.

मराठीत आणखी एक गोची आहे. आपण कर्ता सर्रास गाळतो. "आला होता काल. घेऊन गेला. म्हणाला परत देतो." यात कोण, काय, कुणाला, सगळं ऐकणाऱ्यानं मनात धरून ठेवायचं. तेच तर जमत नाहीये. म्हणून कंटाळवाणं वाटलं तरी दर वाक्यात नाव: "अजय काल आला होता. अजयनं छत्री नेली."

प्रश्न विचारायचाच असेल तर उत्तर समोर ठेवून विचारा. "कोणता सदरा घालणार?" नको. दोन सदरे दोन हातांत धरून "हा निळा, की हा पांढरा?" बोट दाखवलं तरी उत्तर झालं. "का केलंत?" तर कधीच नको. कारणांची साखळी मागे-मागे जोडत नेणं हे सगळ्यात अवघड काम.

शब्द सापडत नसेल तर लगेच तोंडात घालू नका. थांबा, चिडचिड दिसू लागली तरच अंदाज म्हणून पुढे करा. शब्द चुकला पण अर्थ कळला, तर दुरुस्ती नको. चष्म्याला "ते काचेचं" म्हटलं तर चष्मा द्यायचा. लहानपणची बोली वेगळी असेल तर तीत बोलणारं कुणी आहे का पाहा. मागाहून शिकलेली भाषा बरेचदा आधी विरते.

तेच ते विचारलं जातं तेव्हा "आत्ताच तर सांगितलं" हे तीन शब्द गाळायचे. दोन-तीनदा तसंच उत्तर द्या, त्याच आवाजात. तरी थांबलं नाही तर प्रश्नामागची काळजी ओळखा. "किती वाजले?" यामागे बहुधा "मला कुठे पोचायचं होतं का?" असतं. "आज कुठे जायचं नाहीये, मी इथेच आहे" हे घड्याळापेक्षा जास्त लागू पडतं.

विषय संपण्यावर सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे आठवणींची वही. मिशेल बुर्जवा या अमेरिकन संशोधिकेचं यावर बरंच काम आहे. वाचण्याची सवय हाडीमाशी खिळलेली असते, ती बरीच उशिरापर्यंत टिकते. त्यामुळे लिहिलेलं समोर असलं की बोलणं पुन्हा सुरू होतं. करायची अशी: १० ते १२ पानं, एका पानावर एकच फोटो, त्यात एक किंवा दोनच माणसं. खाली एक वाक्य, त्या व्यक्तीच्याच तोंडचं: "ही माझी मोठी बहीण. आम्ही दोघी पोहायला जायचो." अक्षर निदान २४ पॉइंटचं, काळं, पांढऱ्यावर. कागद बिनचकाकीचा, नाहीतर दिव्याचा उजेड परततो आणि चेहरे दिसत नाहीत. फोटो बहुतांशी वय १० ते ३० मधले, कारण माणसांच्या आठवणी त्याच काळातल्या दाट असतात. गेल्या वर्षीच्या समारंभाचा वीस जणांचा फोटो बिनकामाचा.

आणि वही उघडून "हा कोण सांगा बरं?" म्हटलंत, तर वहीची प्रश्नपत्रिका झाली.

---

रातपाळी

बोलण्याआधीचं बरंच राहिलं. मी शुश्रूषेत आहे, त्यामुळे माझी यादी शरीरापासून सुरू होते.

"अलीकडे प्रतिसादच देत नाहीत" असं कुणी म्हटलं की आधी तीन गोष्टी तपासा. कानात मळ साठलाय का. श्रवणयंत्र चालू आहे का, बॅटरी उतरलीय का, उजव्या-डाव्याची अदलाबदल झालीय का. चष्मा पुसलेला आणि त्यांचाच आहे का (संस्थांमध्ये चष्मे बदललेले सर्रास आढळतात). मग टीव्ही बंद. आवाज कमी केला तरी हलती चित्रं लक्ष ओढतच राहतात.

जवळ जायचं ते समोरून. अल्झायमर्समध्ये कडेचं दिसणं आक्रसत जातं. बाजूनं येऊन खांद्यावर हात ठेवलात तर त्या माणसासाठी तो हात हवेतून उगवतो. दचकून फटका बसला की "आक्रमक" असा शिक्का बसतो. दोन-अडीच मीटरवर थांबा, हात दाखवा, नाव घ्या. नजर वर उचलली गेली की पुढे या, समोरून थोडं बाजूला सरका, आणि डोळ्यांच्या पातळीला किंवा जरा खाली बसा. उभ्यानं वाकून बोलणं म्हणजे अंगावर येणं. खिडकी तुमच्या पाठीशी नको, चेहऱ्याची नुसती काळी आकृती दिसते.

हात धरायचा तर आपला खाली, त्यांचा वर. टीपा स्नो या अमेरिकन प्रशिक्षक हीच पकड शिकवतात. तळहाताला तळहात, अंगठ्याच्या बुडाशी अंगठा. वरून मनगट पकडलं तर ती जबरदस्ती वाटते. खालून आधार दिला तर कधीही हात काढून घेता येतो, आणि म्हणूनच तो काढून घेतला जात नाही.

वेळ बहुतेकांची सकाळी उशिरा बरी असते. दिवेलागणीच्या सुमारास अस्वस्थता वाढते, आणि नेमके नोकरीवरून सुटून पाहुणे तेव्हाच येतात. पाऊण तास एकट्यानं बसणं चौघांनी दीड तास बसण्यापेक्षा चांगलं.

आता बोबड्या बोलांबद्दल. "चला बरं, आपण औषध घ्यायचं ना? शहाणं बाळ ते!" अशा बोलण्यानं विरोध वाढतो. क्रिस्टीन विल्यम्स यांच्या गटानं २००९ मध्ये शुश्रूषागृहातली चित्रणं तपासली. असं लाडिक बोलल्यावर विरोध होण्याची शक्यता नेहमीच्या बोलण्याच्या जवळपास दुप्पट निघाली. ज्यांना आयुष्यभर "सर" किंवा "वहिनी" म्हटलं त्यांना आजही तेच म्हणा. "तुम्ही"चं "तू" करण्याचा परवाना डिमेन्शियाच्या निदानाबरोबर मिळत नाही.

एक धोक्याची खूण टिपणात ठळक करा. काल बोलणारा माणूस आज अचानक गुंगीत आहे, भलताच भांबावलाय, किंवा तासातासाला बदलतोय, तर "आजार वाढला" म्हणून सोडून देऊ नका. डिमेन्शिया असा एका रात्रीत क्वचितच उडी मारतो. तो डिलिरियम, म्हणजे शरीरातल्या बिघाडानं अचानक आलेला भ्रम, असू शकतो; मागे संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, पाण्याची कमतरता किंवा नवं औषध असतं. त्याच दिवशी डॉक्टर. तिथे गप्पांचं कसब कामाचं नाही.

---

आडवाट

वरचं पटलं, पण "भावना टिकते" हे सरसकट छापू नका. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या (यात मेंदूचा पुढचा आणि बाजूचा भाग झिजतो) वर्तनाशी निगडित प्रकारात समोरच्याच्या भावना वाचण्याची क्षमताच आधी ढासळते. स्मरण बऱ्यापैकी शाबूत, पण बायको रडत असताना माणूस टीव्ही लावतो. तो बरेचदा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो, त्यामुळे कुटुंबं त्याला वर्षानुवर्षं माणुसकी हरवल्याचा दोष देत राहतात. इथे फोटोंची वही आणि हातात हात यांवर भिस्त ठेवली तर भेटायला आलेलाच घायाळ होऊन परततो. चालतं ते असं: शेजारी बसून एकच काम, ठरलेला मार्ग धरून चालणं, पत्ते जुळवणं, ठरलेली वेळ. डोळ्यांत बघून मनातलं बोलायला लावू नका.

लेवी बॉडी या डिमेन्शियाच्या आणखी एका प्रकारात उलटं. एकाच दिवसात चढउतार. सकाळी अकराला लख्ख आणि तीनला शून्यात. "काल तर छान बोलले, आज मुद्दाम करतात" हा आरोप इथे हमखास होतो. त्यांना कोपऱ्यात मुलं किंवा प्राणी दिसत असतील तर "तिथे काही नाही" म्हणून वाद घालू नका आणि "हो, मलाही दिसतात" असंही म्हणू नका. "मला दिसत नाहीत. तुम्हाला त्यांची भीती वाटतेय का?" पुष्कळदा भीती नसतेच. असेल तर दिवा लावा आणि खुर्चीवर लोंबणारा कपडा आधी काढा, भास बरेचदा त्यावरच बसलेला असतो.

---

ओसरी

प्रकारांचा चौकोन वेगळा टाकते. पण दुसऱ्या मुद्द्याला कुणी हात लावला नाही. "आई कुठे आहे?" याला खरं सांगायचं, की "येईल थोड्या वेळानं"? गटात यावरून दोन तट पडलेत.

---

रातपाळी

"आई गेली" हे दर वेळी सांगणं म्हणजे दर वेळी नव्यानं सुतक. बातमी नोंदवली जात नाही, तडाखा मात्र नोंदवला जातो. माझ्या मते खोटं चालेल. "बाहेर गेल्यात" म्हणा आणि पुढे चला.

---

कानामात्रा

इथे माझं जमत नाही. "थोड्या वेळानं येईल" म्हटलं की माणूस दाराकडे डोळे लावून बसतो. अर्ध्या तासानं प्रश्न परत, आता जास्त काकुळतीनं. शिवाय तुम्ही "येईल" म्हणता, संध्याकाळी येणारा भाऊ "ती कधीच गेली" म्हणतो. मग घरात कुणावर विश्वास ठेवायचा तेच कळेनासं होतं. मधली वाट आहे. नाओमी फील यांच्या व्हॅलिडेशन पद्धतीतून ती आली. त्या पद्धतीच्या परिणामांचा संशोधनातला पुरावा तोकडा आहे, पण एवढी एक गोष्ट वापरायला मुळीच अडचण नाही: तपशिलाला नाही, ओढीला उत्तर द्यायचं.

"आई कुठे आहे?"
"आईची आठवण येतेय."
"हो. ती वाट बघत असेल."
"तुमची आई वेणी फार घट्ट घालायची म्हणे."
"दुखायचं! पण सुटायची नाही दिवसभर."

बघा, इथे कुणी खोटं बोललं नाही आणि कुणी मृत्यूची वार्ताही दिली नाही. आई खोलीत आली, बोलण्यातून. पण यासाठी आईबद्दलचे दोन-तीन बारके तपशील भेटणाऱ्याला माहीत हवेत. वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहून ठेवा.

सरळ, डोळ्यांत बघून "ती गेली ना रे?" असं विचारलं तर मात्र टाळाटाळ नको. "हो, गेल्या." हात धरा आणि गप्प बसा. तेव्हा त्या माणसाला आतून ठाऊक असतं. तुम्ही नाकारलंत तर तो एकटा पडतो.

---

रातपाळी

शेवटचा परिच्छेद मान्य. पहिल्याबद्दल एवढंच, की रात्री दोन वाजता दाराशी ओढाताण चालू असताना वेणीचा विषय निघत नाही. तेव्हा "सकाळी बघू" चालतं. पण घरातल्या सगळ्यांचं एकच वाक्य ठरलेलं हवं आणि ते फोनपाशी लिहून लावलेलं हवं, हे पटलं.

"घरी जायचंय" याचं उत्तर पत्ता नसतो. आधी लघवी, दुखणं, भूक, थंडी, गोंगाट, कंटाळा या क्रमानं चाचपा; निम्म्या वेळा तिथेच सुटतं. नसेल तर "हेच तर तुमचं घर" म्हणू नका. "घरी जायचंय होय. चला, पाय मोकळे करू, मग बघू" म्हणून सोबत चालायला लागा. दाराकडे पाठ फिरवायला लावू नका, त्यांच्याच दिशेनं निघून वळसा घ्या. पाचेक मिनिटांनी बसायची जागा दिसली की बहुधा आपणहून बसतात.

---

पैलतीर

तिसऱ्या मुद्द्यावर. शब्द गेलेल्या टप्प्यात लोकांना वाटतं, आता करण्यासारखं काही उरलं नाही. उलट इथे पहिल्यांदा तुम्हाला विषय शोधावा लागत नाही.

स्कॉटलंडमधल्या मॅगी एलिस आणि आर्लीन अॅस्टेल यांनी 'अॅडॅप्टिव्ह इंटरॅक्शन' नावाची पद्धत मांडली. गाभा सोपा: त्या माणसाकडे जे उरलंय तीच भाषा धरायची. बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरला असेल तर तुम्हीही तोच ठेका धरा, मग थांबा. "अं-अं" आवाज येत असेल तर त्याच सुरात एकदा परत करा. नक्कल वाटेल अशी घाई नको. संवादासारखी पाळी पाळायची. नजर वळली, ठेका बदलला, भुवई उचलली गेली, की उत्तर आलं समजा. पहिल्या दोन मिनिटांत काहीच होत नाही आणि बहुतेक जण तिथे उठतात. दहा मिनिटं द्या.

हातांना मालिश हा पाहुण्यांना देण्याजोगा उत्तम उद्योग. मांडीवर टॉवेल, त्यावर त्यांचा हात. अर्धा चमचा तेल किंवा क्रीम आधी आपल्या तळव्यांत कोमट करा. मनगटाकडून बोटांकडे, सावकाश, एका हाताला पाच मिनिटं. पूर्ण वेळ एक हात टेकलेलाच ठेवा. दोन्ही उचलले की पुन्हा स्पर्श करताना माणूस दचकतो. त्वचा कागदासारखी पातळ झाली असेल तर चोळणं बंद, नुसतं धरणं. अंगठ्या काढा, स्वतःच्या.

मूठ आवळलेली असेल तर बोटं ओढून उघडू नका. हलक्या हातानं मनगट तळव्याच्या बाजूला किंचित वाकवा. स्नायूंची दोरी सैल पडते आणि बोटं आपसूक थोडी उघडतात. सांधा आखडला असेल तर सोडून द्या, फिजिओथेरपिस्टला दाखवा. आणि तुमचा हात घट्ट पकडून ठेवला, सुटेना, तर तो राग नाही आणि दर वेळी माया असेलच असंही नाही. पुढचा मेंदू झिजला की तान्ह्या बाळाची हाताला लागेल ते पकडण्याची प्रतिक्षिप्त क्रिया परत येते. ओढाल तितकी पकड घट्ट. हाताच्या पाठीवरून बोटांपासून मनगटाकडे हलकेच थोपटत गेलात की सैल होते.

गाणं लावायचं तर एकच, मग दोन मिनिटं शांतता. रेडिओसारखं दिवसभर वाजत राहिलं की ते गोंगाटात जमा. ओळखीच्या गाण्यावर डोळे पाणावले तर घाबरून बंद करू नका. चेहरा सैल आहे की आवळलाय ते बघा. आवळला असेल, श्वास वाढला असेल, तर बंद. श्रवणयंत्रावर हेडफोन चढवू नका, शिट्टी वाजते आणि ती सांगणार कोण? तुमचा आवाज बेसूर असला तरी यंत्रापेक्षा तो बरा, कारण श्वास कमी पडला की तुम्ही थांबता आणि त्यांनाही शिरायला जागा मिळते.

डोक्यावरून बोलणाऱ्या पाहुण्यांसाठी एकच नियम: खोलीतलं प्रत्येक वाक्य त्यांना ऐकू जातंय असं धरून बोला. "आता काही कळत नाही हो यांना" हे दारापलीकडेही नको.

---

ओसरी

एवढ्यात पान भरून उलटलं. एकच राहिलं. निघायचं कसं? बरेच जण रडारड टाळण्यासाठी गुपचूप सटकतात.

---

रातपाळी

सटकणं नको, मग ते शोधत फिरतात. अर्धा तास आधीपासून "मी आता निघणार हं" असा घोषाही नको. निघण्याच्या वेळी पुढचं काहीतरी सुरू होत असेल असं जुळवा: आंघोळ, जेवण, चक्कर, दुसरं कुणी येणं. त्यांच्या हातात काम असू द्या, घडी घालायचे रुमाल चालतील. मग समोर बसून एकच वाक्य: "आत्या, मी सुधा. आज छान वाटलं. आता मी निघते." हातातला हात आधी तुम्ही सोडू नका. त्यांनी सोडला की उठा. "पुन्हा कधी?" विचारलं तर वार सांगा आणि तो मोठ्या अक्षरात पाटीवर लिहून जा.

आणि पिशवी, छत्री, बाहेरचे जोडे येतानाच नजरेआड ठेवा. दाराशी पिशवी दिसली की "चला, मीही येते" सुरू होतं, आणि त्या वेळी त्यांचं काही चुकलेलं नसतं.